चुकीच्या ओळीवर

"आई, माझ्या पोटात असह्य वेदना होत आहेत," असं संस्कृती म्हणाली तेव्हा सुलेखा डब्यासाठी पोळ्या लाटत होती, आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की 'असह्य'चा उच्चार पोरीला अजून साधत नाही. तिनं ते बोलूनही दाखवलं. मान न वळवता म्हणाली, "असह्य. घाई नको करू. शेवटच्या अक्षराशी थोडं थांब." मागून संस्कृतीनं सावकाश, नीट, "असह्य" असं म्हटलं. पोळी तव्यावर पडली, फुगली, आणि मग कुठं सुलेखाचा हात थांबला. तिनं वळून बघितलं. आठ वर्षांची तिची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात पाय जुळवून उभी होती. डावा हात सरळ खाली, उजवा पोटावर, हनुवटी किंचित वर. ती आईकडं बघत नव्हती. तिची नजर आईच्या डोक्यावरून पलीकडं, भिंतीतल्या पंख्यावर लागलेली होती, कारण बोलताना समोरच्या माणसाकडं नाही, शेवटच्या रांगेकडं बघायचं असतं, हे तिला सुलेखानंच शिकवलं होतं.

"खरंच दुखतंय का?"

"हो."

"कुठं?"

संस्कृतीनं पोटावरचा हात गोल फिरवला. मागच्या वर्षी वसुंधरेच्या भाषणात पृथ्वी दाखवताना ती असाच हात फिरवायची. सुलेखानं पीठ लागलेला हात पदराला पुसला, तिच्या कपाळाला लावला, पोटाला लावला. अंग गरम नव्हतं. मग तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला काही कळेना. भुवया थोड्या वर, ओठ थोडे मुडपलेले. दुःख दाखवायचं असलं की असंच, आरशासमोर बसून दोघींनी हे किती वेळा केलं होतं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं. ती जितकं बघायला लागली तितका तिला आपलाच चेहरा परीक्षकाचा झाल्यासारखा वाटला. आवाज दहापैकी नऊ. हावभाव दहापैकी आठ. आईला असं गुण देता येऊ नयेत, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं संपायच्या आत खालून कुणीतरी ओरडलं की नळाला पाणी आलंय. आठ दिवसांनी येत होतं. ती पाइप लावायला धावली. संस्कृती दप्तर घेऊन शाळेत गेली. तो गुरुवार होता. स्पर्धा शनिवारी होती.

संध्याकाळी ती तिला नगर नाक्याजवळच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. छावणीचा गुरुवारचा बाजार उठत होता, रस्त्यात मेथीच्या काड्या आणि शेण तुडवलं गेलं होतं, आणि संस्कृती तिचा हात धरून नेहमीपेक्षा हळू चालत होती, किंवा सुलेखाला तसं वाटत होतं. डॉक्टरांनी "काय होतंय बेटा?" असं विचारल्यावर ती स्टुलावरून खाली उतरली, पाय जुळवले आणि म्हणाली, "डॉक्टरकाका, सकाळपासून माझ्या पोटात असह्य वेदना होत आहेत." या वेळी उच्चार अगदी बरोबर आला. डॉक्टर हसले. औषधं देणारा माणूस काउंटरमागून वाकून हसला. "मॅडम, ही उद्या आमदार होणार बघा," डॉक्टर म्हणाले, आणि तिला झोपवून पोट दाबायला लागले. इथं? थोडं. इथं? थोडं. शाळेत काही आहे का सध्या? परवा वक्तृत्व स्पर्धा आहे, सुलेखानं सांगितलं. "मग झालं तर," डॉक्टर म्हणाले. "परीक्षा आली, स्पर्धा आली की यांच्या पोटात येतंच." त्यांनी एक गोड औषध लिहून दिलं. पण निघताना ते हे पण म्हणाले, की दुखणं उजवीकडं खाली सरकलं, उलटी झाली, ताप आला, तर वाट बघू नका, तशीच उचलून आणा. ऐकलेलं वाक्य लगेच पाठ व्हायची सुलेखाला लहानपणापासूनची सवय. ते वाक्य तिला शब्दाशब्दानं पाठ झालं.

नवरा, राजेंद्र, त्या आठवड्यात दुपारच्या पाळीला असता, सकाळी घरी असता, तर काय झालं असतं, असं ती नंतर मनाशी घोळवायची. तो वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. पण त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी होती, पहाटे नाक्यावरून बस. गुरुवारी जेवताना त्यानं औषधाची बाटली बघितली. "काय झालं हिला?" तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ दी की यंदा. लेकराला बरं नाय तर कशाला पायजे स्पर्धा."

"तिचं सगळं पाठ झालंय."

"पाठ झालं म्हणून बोलायलाच पायजे का?"

त्यानं ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं असावं. पण ती वाक्य जुळवत होती तोवर तो उठून हात धुवायला गेला. उत्तरं तिच्याकडं पुष्कळ होती. ती शाळेत शिकवायची, शाळेची सगळी भाषणं तीच लिहायची, पालकसभेत ती सभाधीटपणा, आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्वाची जडणघडण असं दहा मिनिटं न अडखळता बोलायची. पण राजेंद्रच्या समोर ते शब्द ताटाच्या कडेला ठेवलेल्या आमसुलासारखे नुसते पडून राहायचे. दिवसभर प्रेसच्या धडधडीत ती माणसं एकमेकांशी हातानं बोलतात, असं त्यानं लग्न झाल्यावर सांगितलं होतं. घरी येऊन बोलायचं म्हटलं की त्याला आधी गळा साफ करावा लागायचा. तिचं उलट. अकरा वर्षं ती त्याच्याशी बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवायची, सुरुवात, मधला भाग, शेवट. मग ती ते बोलायची आणि तो "बरं" म्हणायचा. तिला कधी कधी वाटायचं, आपण एकदा नुसतं ओरडावं, काहीही, अर्धवट. पण तोंड उघडलं की वाक्य पूर्णच निघायचं.

सोयगावात तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. बद्रीनाथ गुरुजी. शाळेत त्यांना गुरुजी म्हणायचं आणि घरी दादा, असं दोन-दोन कुठं लक्षात ठेवायचं, म्हणून ती घरीही गुरुजीच म्हणायला लागली आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. सहाव्या वर्षी त्यांनी तिला अंगणात पत्र्याच्या पेटीवर उभं केलं. स्वतः समोर दहा पावलांवर बसले. मग वीस पावलांवर. मग रस्त्याच्या पलीकडं, कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं जाऊन उभे राहिले आणि हात वर केला, की इथवर ऐकू आलं पाहिजे. पेटीचा पत्रा संध्याकाळीही तापलेला असायचा, तळपाय भाजायचे, आणि तिला वाटायचं की जोरात बोललं तर लवकर संपेल. लई, नाय, व्हय हे शब्द त्यांनी तिच्या तोंडातून एकेक करून काढले. ती घरची भाषा, ते म्हणायचे, सभेत घरची भाषा काढायची नाही. हळूहळू घरही सभाच झालं. नंबर आला की ते तिला सायकलच्या नळीवर बसवून गावभर फिरवायचे, थांबून थांबून सांगायचे, ही माझी सुलेखा. तेव्हा त्यांच्या छातीची ऊब तिच्या पाठीला लागायची. नंबर नाही आला तर ते मारायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. फक्त तिच्याकडं बघायचे नाहीत. जेवताना, झोपताना, शाळेत हजेरी घेतानासुद्धा वहीकडं बघून नाव घ्यायचे. मग पुढची स्पर्धा यायची.

एकदा विषय होता 'माझी आई'. ती चौथीत होती. गुरुजींनी तीन पानी भाषण लिहून दिलं, त्यात वात्सल्याचा झरा होता, रात्रंदिवस तेवणारी समई होती, मायेची सावली होती. तालुक्याच्या त्या कार्यक्रमाला आईही आली होती, आवडाबाई, डोक्यावरून पदर घेऊन मागं बायकांत बसली होती. तिनं घरातून बाहेर पडायचं असं फार नसायचं. सुलेखानं ते भाषण असं म्हटलं की पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. पहिला नंबर आला. सायकलवरून गावभर फिरून ती घरी आली तेव्हा आई चुलीपुढं भाकरी थापत होती. सुलेखा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, ती काहीतरी बोलेल म्हणून. आई भाकरी उलथून म्हणाली, "लई चांगली बोललीस." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कोणाची आई व्हती ग ती?" तिला खरंच कळलं नव्हतं. गुरुजी ओसरीवरून हसले आणि आई पण हसली, काहीतरी चुकलं असावं म्हणून. पाच वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा दहाव्याला गोदावरीच्या काठी सगळे म्हणाले, सुलेखाताई, तुम्ही बोला. ती सात मिनिटं बोलली. झरा आला, समई आली, सावली आली. आईच्या हाताला कायम लसणाचा वास यायचा आणि ती झोपेत दात खायची, एवढंच तिला खरं तर त्या वेळी आठवत होतं, पण ते कुठल्या वाक्यात बसवायचं हे तिला माहीत नव्हतं. लोक म्हणाले, फार सुंदर बोललात. ती रडली नव्हती. बोलताना तिनं दोनदा घड्याळ बघितलं होतं.

शुक्रवारी तिनं ठरवलं की आज सराव घ्यायचा नाही. ठरवून तिला बरंही वाटलं. पण सहा वाजता संस्कृती आपणहून हॉलमधल्या चटईच्या कडेला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, घेतेस ना?" तिनं नको म्हटलं असतं तर. तिला वाटलं, पोरीला स्वतःलाच हवंय. तिला हेही वाटलं, की दुखत असतं तर ती अशी आली नसती, म्हणजे कालचं ते नाटक होतं. आणि नाटक होतं या विचारानं तिला राग यायच्या ऐवजी हलकं वाटलं. भाषणाचं नाव होतं 'मी थेंब बोलतोय'. संस्कृती थेंब होऊन साडेतीन मिनिटं बोलली, एकही शब्द न चुकता. एका ठिकाणी लोकांनी हसायचं होतं: "गच्चीवरच्या काळ्या टाकीत मी आठ-आठ दिवस उताणा पडून घोरत असतो." तिथं ती घोरल्यासारखं करायची. त्याच्या पुढं एका ठिकाणी गळा दाटून यायचा होता: "कोरड्या विहिरीचा तळ मला विचारतो, कधी येशील? सांगा, मी काय उत्तर देऊ?" तिथं तीन आकडे मोजून थांबायचं आणि आवाज अर्धा करायचा. सगळं जागच्या जागी आलं. संपल्यावर ती चटईवर बसली आणि गुडघे पोटाशी घेतले. "पाय दुखले," ती म्हणाली. सुलेखानं तिला औषधाचा चमचा दिला. तेवढ्यात सोयगावहून फोन आला. गुरुजी आता ऐंशीच्या घरात होते, पण स्पर्धेच्या आदल्या दिवशीचा फोन चुकायचा नाही. त्यांनी नातीला विचारलं, "तयारी?" ती म्हणाली, "जय्यत, आजोबा." ते म्हणाले, "शेवटची रांग." ती म्हणाली, "शेवटची रांग."

शनिवारी सकाळी राजेंद्र पाळीला गेलेला होता. न्हाणीघरात पाण्याचा आवाज जास्त वेळ आला. दार उघडून संस्कृती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड नीट धुतलेलं होतं, केसांची पुढची बट ओली होती, आणि न्हाणीघरातून फिनेलचा वास येत होता. एरवी तिला फिनेलच्या बाटलीला हात लावायची मनाई होती. "उलटी झाली का?" सुलेखानं विचारलं.

"नाही."

"पोट?"

"मी अगदी ठणठणीत आहे."

सुलेखाला ते वाक्य ओळखू आलं. पहिलीतल्या स्वच्छतेच्या भाषणातलं होतं. मी अगदी ठणठणीत आहे, कारण मी रोज साबणाने हात धुते. तिनंच लिहिलेलं. तोच सूर, 'अगदी'वर तोच झोका. तिला ते ओळखू आलं, आणि ओळखू आलं हे तिला त्या क्षणी स्पष्ट कळलं, आणि खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला नाही. लावला असता तर कळलं असतं. हात उचललाही होता, पण तो तिनं बट नीट करायला वापरला.

सभागृह लोखंडी पुलाच्या अलीकडं होतं. अठ्ठावीस शाळा, पहिली ते चौथीचा गट. दाराशी नियमांचा फलक होता: वेळ चार मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला सूचनेची घंटा, पालकांनी खाणाखुणा केल्यास स्पर्धक बाद. सुलेखा तिसऱ्या रांगेत मधोमध बसली, दोन्ही बाजूंना पाच-पाच माणसं, मांडीवर पर्स. मुलं एकामागून एक येत होती. कुणी झाड झालं, कुणी मोबाइल झाला, एक मुलगा सीमेवरचा जवान होऊन इतका ओरडला की माइक शिटी वाजवायला लागला. सगळ्यांची मान एकाच कोनात वर, सगळ्यांची नजर शेवटच्या रांगेत, जिथं रिकाम्या खुर्च्या होत्या. एवढी लेकरं त्या रिकाम्या खुर्च्यांना काय काय सांगत होती. मग संस्कृतीचं नाव पुकारलं गेलं.

ती आली. थोडी वाकून चालत होती का? माइकपाशी आल्यावर सरळ झाली. नमस्कार झाला, सुरुवात झाली, आवाज खणखणीत. सुलेखाचे ओठ मिटलेले होते, पण आत जीभ प्रत्येक शब्दाला हलत होती. ढग झाले, डोंगर झाले, नदी झाली. मग टाकीची ओळ आली. संस्कृती म्हणाली, "गच्चीवरच्या काळ्या टाकीत मी आठ-आठ दिवस," आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. गालांवरून सरळ खाली आलं. तिनं ते पुसलं नाही. "उताणा पडून घोरत असतो," ती म्हणाली, आणि घोरल्यासारखं केलं, आणि सभागृह हसलं. सुलेखाच्या शेजारची बाई हसता हसता थांबली आणि कुजबुजली, "अगं बाई, डोळ्यात पाणी पण आणलं पोरीनं." परीक्षकांपैकी एकानं मान वर केली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्या अख्ख्या सभागृहात एकटी सुलेखाच होती जिला माहीत होतं, की रडू इथं नाही. रडू पुढं आहे, विहिरीच्या तळाशी. इथं हसायचं आहे. हे पाणी भाषणातलं नाही.

तिनं बघितलं की संस्कृतीचा उजवा हात पोटावर आहे, उजवीकडं, खाली. भाषणात हात तिथं कुठंच नव्हता. डॉक्टरांचं वाक्य तिच्या मनात पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत उमटलं, स्वल्पविरामांसकट. उठायला हवं. तिनं पर्स उचलली. डावीकडं पाच माणसांचे गुडघे, उजवीकडं पाच माणसांचे. उठलं की पोरगी बाद. बाद झाली तर झाली. पण ती उठली नाही. तिला वाटलं, आता दीडच मिनिट. तिला वाटलं, मधेच थांबवली तर पोरीला कायमची भीती बसेल. तिला वाटलं, कदाचित पोरीनं स्वतःच काही नवीन घातलं असेल. हे सगळं तिला वाटलं, पण या सगळ्याच्या खाली तिच्या पाठीला एक ऊब लागलेली होती, जुनी, सायकलच्या नळीवर बसल्यावर लागायची ती, आणि ती सोडवत नव्हती. घंटा वाजली. संस्कृती विहिरीच्या तळाशी आली. तीन आकडे मोजून थांबली. सुलेखानंही मोजले. त्या तीन आकड्यांत संस्कृतीची नजर शेवटच्या रांगेतून खाली आली, रांग रांग उतरत तिसऱ्या रांगेवर आली, आणि तिनं आईकडं सरळ बघितलं. मग ती म्हणाली, "सांगा, मी काय उत्तर देऊ?" सुलेखा मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. नजर परत वर गेली. आणखी सहा ओळी होत्या. त्या झाल्या. धन्यवाद झालं, नमस्कार झाला, टाळ्या झाल्या. पडद्यामागं जाऊन संस्कृती जिथं होती तिथंच खाली बसली.

पुढचं सगळं पायांनी केलं, तिनं नाही. गुडघे ढकलत बाहेर, पोरीला उचलून रिक्षात, अंग चटके बसावेत असं तापलेलं. दवाखान्यात सर्जननं पोटाला हात लावल्याबरोबर नर्सला हाक मारली. आंत्रपुच्छ फुटलं होतं. कधीपासून दुखतंय, त्यांनी विचारलं. गुरुवार सकाळपासून, ती म्हणाली. आणि आज सकाळी काय करत होती? भाषण. सर्जननं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "एवढ्या दुखण्यात मोठा माणूस सरळ उभा राहत नाही, मॅडम," ते म्हणाले, आणि आत गेले. राजेंद्र वाळूजहून कारखान्याच्या कपड्यांतच आला, हाताला ऑइल. तो तिच्या शेजारी बाकावर बसला. तिनं त्याला सांगायला सुरुवात केली, गुरुवारपासून, क्रमानं, आणि तो ऐकत राहिला. न्हाणीघरापर्यंत आल्यावर तो म्हणाला, "बास." नंतर म्हणाला, "आत्ता नको सांगू." ऑपरेशनला दोन तास लागले.

संस्कृती शुद्धीवर आल्यावर, संध्याकाळी, सोयगावहून फोन आला. "निकाल?" गुरुजींनी विचारलं. शाळेतून निरोप आलेला होता. "पहिला," सुलेखा म्हणाली. पलीकडून ते काहीतरी मोठ्यानं म्हणाले, ते ओसरीवरच्या कुणाला तरी सांगत असावेत. ती ते संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "गुरुजी, तिचं ऑपरेशन झालंय. पोटाचं. फुटलं होतं आत." मग एक म्हातारा, बारीक आवाज आला, तो तिनं कधी ऐकलेला नव्हता. "लेकरू बरं हाय ना ग?" ती फोन कानाला धरून जिन्यात उभी होती. हाय, ते म्हणाले होते. हे शब्द त्यांच्याकडं होते. एवढी वर्षं घरात कुठंतरी ठेवलेले होते, तिला दिले नव्हते. "बरं आहे," ती म्हणाली. तिला दुसरं काही म्हणायचं होतं, निदान ते एक अक्षर, पण तिच्या तोंडातून 'आहे'च निघालं.

वॉर्डात चार खाटा होत्या, मधे हिरवे पडदे. शेजारच्या खाटेवर मुबश्शिरा नावाची मुलगी होती, संस्कृतीएवढीच, गच्चीवरून पडून पाय मोडलेली. तिची आई रईसा सकाळी घरी जाऊन दुपारी डबा घेऊन यायची, तोवर सुलेखा दोघींकडं बघायची. संस्कृती फार बोलत नव्हती. "बरं वाटतंय का?" तर "हो, आई." "पाणी हवं?" तर "नको, आई." सोमवारी मुख्याध्यापिका येऊन करंडक देऊन गेल्या, तो कपाटाच्या वर ठेवला होता, आणि संस्कृतीनं झोपल्या झोपल्याच हात जोडून त्यांचे मनःपूर्वक आभार मानले. मुख्याध्यापिकांचे डोळे भरून आले. सुलेखा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

मंगळवारी सकाळी ती खालून मऊ खिचडी घेऊन वर आली. दार उघडंच होतं. पडद्यापर्यंत पोचली आणि आतून आवाज आला म्हणून थांबली. तिला वाटलं, दुसरंच कुणाचं तरी मूल आलंय. आवाज जरा जाड होता, घोगरा, शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते.

"...लई म्हंजी लई. असं आतून कुणी पिळतंय तसं. आन् मला तर शू पण झाली थोडीशी तिथंच."

"स्टेज पे?" मुबश्शिराचा आवाज.

"मंग काय. फ्रॉकमुळं दिसलं नाय कुणाला."

"तो बोलने का ना, के दुखता करके."

"बोलले व्हते की गुरुवारी."

"फिर?"

"फिर काय नाय." खाटेची सळई वाजली. "मी आईकडं बघितलं व्हतं मधी. मला वाटलं ती उठंल."

"उठी?"

"नाय."

सुलेखाच्या हातातला डबा गरम होता. तिनं तो दुसऱ्या हातात घेतला नाही.

"मंग मी म्हटलं आता संपवूनच टाकावं," तो जाड आवाज म्हणाला. "तू नको सांगू हा तिला."

"मैं कायको सांगू. तूच बोल ना अम्मी को."

"ती आली की नीट बोलावं लागतं ग. मला इथं टाके हायत, नीट बोलायला दम लागतो."

मुबश्शिरा काहीतरी पुटपुटली, आणि दोघी हसायला लागल्या, आणि लगेच तो आवाज विव्हळला, "हसवू नको ना, दुखतंय, आई ग, दुखतंय," आणि तरी हसतच राहिला. औषधांची ढकलगाडी घेऊन एक नर्स मागून आली. "आत जायचंय ना मॅडम?" तिनं विचारलं आणि पडदा सरकवायला हात पुढं केला. सुलेखानं तिचं मनगट धरलं. नर्सनं तिच्याकडं बघितलं आणि ती पुढच्या खाटेकडं गेली. आत ती पोरगी आता गच्चीवरून पडताना आधी काय मोडतं ते विचारत होती. पडदा आणि सुलेखाच्या तोंडात एका हाताचं अंतर होतं. एक पाऊल टाकलं असतं, नुसता घसा साफ केला असता, तरी तो आवाज थांबला असता आणि तिथं दुसरा आला असता, स्वच्छ, खणखणीत, तिचाच. ती श्वास बारीक करून उभी राहिली, हात भाजत होता तरी, कारण आठ वर्षांत तिनं आपल्या मुलीला पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ती अजून बोलत होती.